बुटातला पक्षी

आमच्या ओसरीवर खिळ्याला कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी टांगलेली असायची. पिठाच्या रिकाम्या पोत्याच्या फुलाफुलांच्या कापडाची, आईने शिवलेली. १९४८ च्या एप्रिलमध्ये त्या पिशवीत रेनच्या जोडीने घरटं केलं आणि आईचे चिमटे आतच अडकले. रेन म्हणजे मूठभर तपकिरी पक्षी, शेपूट कायम वर, आणि आवाज असा की अख्खी गल्ली जागी व्हावी. पिल्लं उडेपर्यंत घरट्याला हात लावायचा नाही, हे आमच्या वस्तीत कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. आई ओले कपडे कुंपणाच्या तारेवर टाकायची आणि बडबडायची.

"भाडं आम्ही भरायचं आणि पिशवी यांनी बळकावायची."

"गॅस्किनला सांग की," बाबा म्हणायचे. "येऊन विचारील त्यांना, एका पिशवीमागे गिरणीत किती माणसं पाठवता म्हणून."

आम्ही हसायचो. मग बाबांना खोकला यायचा, आणि तो थांबेपर्यंत सगळे आपापल्या ताटाकडे बघत बसायचे.

गॅस्किन हा कॅल्डर गिरणीच्या साचेखात्यातला, म्हणजे कापडाच्या मागांवरचा, जॉबर, तिथला मुकादम. दक्षिण कॅरोलायनाच्या डोंगराकडच्या भागात तेव्हा नदीकाठाने गिरण्याच गिरण्या होत्या, आणि प्रत्येक गिरणीभोवती तिची वस्ती. घर गिरणीचं, दुकान गिरणीचं, चर्चच्या घंटेचा दोरसुद्धा गिरणीने दिलेला. कॅल्डरचा नियम असा की चार खोल्यांच्या घरातून तीन कामगार द्यायचे. आमच्याकडून आई साच्यावर होती. बाबा वीस वर्षं पिंजणखात्यात कापसाचं तूस गिळून आता अंगण झाडण्यापुरते उरले होते, म्हणून गॅस्किन त्यांना अर्धाच माणूस धरायचा. उरलेला दीड माणूस म्हणजे माझी मोठी बहीण वर्डी. जूनमध्ये ती सोळाची होणार होती. सोळा पुरी झाली की साच्यावर, नाहीतर घर खाली करा, असं गॅस्किन मार्चमध्येच सांगून गेला होता. टोपी काढून, अगदी अदबीने.

मी अकराची होते. आज अठ्ठ्याऐंशीची आहे, आणि सकाळी काय खाल्लं ते मला दुपारी आठवत नाही. पण त्या वसंतातला प्रत्येक दिवस मी बोटांवर मोजून सांगू शकते.

वर्डीला दुसरी एकच वाट होती. काउंटीच्या महिला मंडळाने मुलींसाठी एक स्पर्धा ठेवली होती, आपल्या राज्याच्या माहितीची. पहिल्या येणाऱ्या मुलीला डोंगरातल्या ॲशबी शाळेत दोन वर्षं राहणं, जेवणं, शिकणं फुकट, आणि बाहेर पडायचं ते शिक्षिका होऊनच. आईने पीठ मळता मळता सगळं ठरवून टाकलं होतं. वर्डी जिंकली तर बाबांची बहीण झेल्मा पलीकडच्या गिरणीतून आमच्याकडे येईल आणि वर्डीच्या जागी उभी राहील.

"पण दीड माणूस हवाय त्यांना," वर्डी म्हणाली.

"झेल्मा अंगाने दीड आहेच," बाबा म्हणाले.

"आणि हरले तर?"

आईने पिठाचा गोळा उलटा केला. "तर सोमवारच्या भोंग्याला माझ्याबरोबर निघायचं. वाढदिवसाची वाट कशाला बघायची? महिनाभर शिकून घेशील."

वर्डीच्या बाईंनी, मिस लेडबेटरनी, एक वही लिहून दिली होती. रोज संध्याकाळी वर्डी भांडी घासायची आणि मी वही धरून चुलीजवळच्या खोक्यावर बसायचे.

"झाड?"

"पामेटो."

"का?"

"त्याच्या ओंडक्यांचा किल्ला होता. इंग्रजांचे तोफगोळे त्यात रुतून बसले, भिंत फुटली नाही."

"कधी?"

"अठ्ठावीस जून, सतराशे शहात्तर. ओपल, जरा जोरात विचार, भांड्यांचा आवाज होतोय."

"फूल?"

"पिवळी जुई."

"पक्षी?"

"मॉकिंगबर्ड."

"काउंट्या किती?"

"सेहेचाळीस. सांगू?" आणि सांगायची, ॲबेव्हिलपासून यॉर्कपर्यंत, एका दमात, ताट पुसता पुसता.

ब्रीदवाक्य मी विचारलं की मात्र उत्तर बाबांचं. खुर्चीतून, डोळे मिटून म्हणायचे, "श्वास आहे तोवर आशा आहे." आणि मग छातीवर हात ठेवून, "राज्याने माझ्याकडे बघून लिहिलंय हे. आशेचं माहीत नाही. श्वास उद्या दुपारपर्यंत पुरेल."

"गप्प बसा," आई म्हणायची.

मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आईने मला दुकानात पाठवलं. आमच्या जेवणात बीन्स, मक्याचा पाव आणि खारवलेल्या चरबीचा तुकडा, बस एवढंच. दुकानदार चरबी जुन्या वर्तमानपत्रात बांधून द्यायचा. आमच्या घरी वर्तमानपत्र यायचं ते असंच, तुकड्यातुकड्याने आणि तेलकट होऊन, आणि मी ते चालता चालता वाचायचे. अर्धी बातमी वाचायला मिळाली तर उरलेली अर्धी मनाने रचायचे.

त्या दिवशीची बातमी मात्र पुरी होती. पान चारच्या कोपऱ्यात, बोटभर लांबीची. विधिमंडळाने मॉकिंगबर्डचा मान काढून घेतला आहे. यापुढे राज्याचा पक्षी कॅरोलायना रेन. त्याला मारणं, इजा करणं हा गुन्हा. वर तारीख होती, एप्रिलमधली.

मी आमच्या पायरीवर उभी राहून ती दोनदा वाचली. डोक्यावर पिशवीतून तोच पक्षी बोंबलत होता. मी तोंड उघडलं होतं वर्डीला हाक मारायला. आणि आतून आईचा आवाज आला.

"झेल्मा ओपलशेजारी झोपेल. पलंग तुझ्यापेक्षा तिला कमी पडेल, पण भागेल."

झेल्माआत्या तपकीर ओठात धरायची आणि पत्र्याच्या डब्यात थुंकायची. पण खरं सांगायचं तर आत्याचा प्रश्न नव्हताच. मी जन्मल्यापासून वर्डीच्या पाठीला पाठ लावून झोपले होते. आई पहाटेच्या भोंग्याला जायची, माझी वेणी वर्डीने घातली, मला काकवी-पाव वर्डीने भरवला, मला अक्षर वर्डीने शिकवलं. महिनाभर मी वहीतून रोज प्रश्न विचारत होते, पण ती जाणार हे मला कळलं त्या क्षणी, पायरीवर.

"ओपल! चरबी आणलीस का तिथेच खाल्लीस?"

मी बातमीचा तुकडा फाडला. माझ्या उजव्या बुटाच्या तळाला अंगठ्याएवढं भोक होतं. तुकड्याची घडी केली आणि भोकावर बसवली. चुलीत टाकला असता तर गेलाच असता कायमचा. बुटात असला म्हणजे उद्या सांगता येईल, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. असे नऊ दिवस गेले. रोज संध्याकाळी मी विचारायचे, "पक्षी?" वर्डी म्हणायची, "मॉकिंगबर्ड." आणि मी म्हणायचे, "बरोबर." वहीत तसंच लिहिलेलं होतं ना.

स्पर्धा शनिवारी होती, दुपारी दोनला, काउंटीच्या कचेरीच्या मोठ्या सभागृहात. गिरणीने ट्रक दिला आणि चालवायला खुद्द गॅस्किन. आई गिरणीत पाळीवर होती, बाबांना ट्रकची धूळ सोसत नसे, म्हणून वर्डीबरोबर घरातली मी एकटीच. बूट मी फक्त शाळेला आणि चर्चला घालायचे. त्या दिवशीही घातले. पायाखाली घडी लागत होती.

सभागृहात शहरातल्या बायका टोप्या घालून बसल्या होत्या. नदीपलीकडच्या काळ्या मुलींच्या शाळेला बोलावलेलंच नव्हतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, म्हणून लिहिते. आम्ही गिरणीच्या मुली एका बाजूच्या बाकावर. आमच्यासमोर मॅरियन ऑल्ड्रिच बसली होती. तिचे वडील वकील, आणि विधिमंडळाचे सभासद. ती वर्डीकडे बघून अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुझ्या केसांना कापूस लागलाय."

आम्हाला शहरात कापूसडोकी म्हणत. वर्डीने केसांना हातही लावला नाही.

"तुझ्या फ्रॉकलाही लागलाय," ती म्हणाली. "तुझा विणलेला आहे, एवढंच."

नियम साधा होता. दोन चुका झाल्या की बसायचं. मंडळाच्या अध्यक्षीण मिसेस थॉर्नवेल छापील प्रश्नोत्तरांच्या पत्रिकेतून प्रश्न विचारायच्या, आणि शेजारी पंच म्हणून एक पाद्री आणि एक निवृत्त हेडमास्तर. तास-दीड तासात एकवीस मुलींतल्या दोघीच उभ्या राहिल्या, वर्डी आणि मॅरियन. दोघींची एकेक चूक झालेली. वर्डीने सासाफ्रास डोंगराची उंची चुकवली होती, मॅरियनने एका नदीचं नाव.

मिसेस थॉर्नवेलनी पत्रिका उलटली.

"मिस वर्डी. राज्याचा पक्षी?"

माझ्या पायाची बोटं बुटात वळली. मनात एकच होतं: आता ही चुकणार, आता ही घरी राहणार.

"मॉकिंगबर्ड, बाई."

"बरोबर."

मला काही कळेना. मग कळलं. पत्रिकाही जुनीच होती.

"मिस मॅरियन. पामेटोच्या किल्ल्याची लढाई कोणत्या दिवशी झाली?"

मॅरियनने वर छताकडे पाहिलं. "चार जुलै, सतराशे शहात्तर."

सभागृहात कुजबुज उठली. चार जुलै म्हणजे साऱ्या देशाची तारीख. घाईत कुणाच्याही तोंडातून तीच निघाली असती. मिसेस थॉर्नवेलनी हळूच मान हलवली. आमच्या बाकावरच्या मुली उड्या मारायला लागल्या. वर्डी हलली नाही. तिने दोन्ही हातांनी फ्रॉकची शिवण घट्ट धरली होती.

तेवढ्यात ऑल्ड्रिच वकील उठले.

"क्षमा करा. राज्याचा पक्षी मॉकिंगबर्ड नाही. आता रेन आहे. याच वर्षी बदल झालाय. मी स्वतः त्या बैठकीला होतो."

मिसेस थॉर्नवेलनी पत्रिकेचं मागचं पान पुन्हा काढलं.

"पत्रिकेत मॉकिंगबर्ड आहे," मिसेस थॉर्नवेल म्हणाल्या.

"पत्रिका तुम्ही कधी छापलीत?"

"जानेवारीत."

"मग?"

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "ऑल्ड्रिचसाहेब, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण तुम्ही या मुलीचे वडीलही आहात. छापील पत्रिकेविरुद्ध मला छापील काहीतरी द्या. कायद्याची प्रत, नाहीतर वर्तमानपत्र. हिचं उत्तर चुकीचं ठरलं तर ही आधी बाद, आणि बक्षीस तुमच्या मुलीचं."

"प्रत राजधानीत आहे. आज शनिवार."

"मग वर्तमानपत्र."

वकिलांनी आपल्या कारकुनाला घरी आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत पिटाळलं. हेडमास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन झाले होते. "चारच्या ठोक्यापर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर पत्रिका म्हणेल ते खरं."

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. ऊन रणरणत होतं. कुठूनसं एक पिवळं कुत्रं आलं आणि सरळ माझ्या उजव्या बुटाशी येऊन हुंगायला लागलं. चरबीचा वास. मी पाय मागे घेतला, ते पुढे आलं. मी डाव्या पायाने त्याला ढकललं. त्याला तो खेळ वाटला.

गॅस्किन ट्रकला टेकून उभा होता. तो टोपी काढून वर्डीजवळ आला.

"जिवाला घोर नको लावूस पोरी. तुझ्या आईच्या शेजारचा साचा मी मोकळा ठेवलाय. लांब कुठे पाठवणार नाही तुला."

"हो साहेब."

"बघू हात."

वर्डीने हात पुढे केला. त्याने तो उलटा केला, एकेक बोट चाचपून पाहिलं, बाजारात घोड्याचे दात बघावेत तसं.

"लांब आहेत. तुटलेला धागा जोडायला अशीच लागतात. तुझ्या आईचीही अशीच होती."

होती, म्हणाला. आईच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक साच्याने नेलं होतं, मी तीन वर्षांची असताना. त्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं. तो खरंच तिचं भलं बघत होता. तेच भयंकर होतं. वर्डी "हो साहेब" म्हणाली आणि तिने हात फ्रॉकला पुसला. तो पुसताना तिचा चेहरा मी पाहिला. तो आमच्या वर्डीचा चेहरा नव्हता. गिरणीतली पाळी संपल्यावर आईचा असायचा तसा होता.

नऊ दिवस मी एवढाच विचार केला होता की ती माझ्याजवळ राहील. कोण राहील, याचा केलाच नव्हता.

गॅस्किन गेल्यावर वर्डी माझ्यापाशी येऊन बसली.

"ओपल, तू दुकानातून आणलेला प्रत्येक कागद वाचतेस."

"सगळे नाही."

"सगळे. मिठाच्या पुडीवरचंही वाचतेस. हे रेनचं कुठे वाचलंस?"

कुत्रं आता बुटाची नाडी चाटत होतं.

"हे कुत्रं काय लागलंय तुझ्या मागे?"

"मला काय माहीत. हाड! हाड!"

"ओपल, माझ्याकडे बघ. वाचलं असशील तर सांग. मी आत जाऊन सांगेन आणि मोकळी होईन. उगाच कुणाचं घेतलं असं नको व्हायला."

ती अशीच होती. दुकानात एक बटण जास्त आलं तरी परत द्यायला जायची. मी हो म्हटलं असतं तर ती तो तुकडा हातात धरून सरळ आत गेली असती, आणि सोमवारी सकाळी माझी वेणी कुणीच घातली नसती. कारण ती आईबरोबर निघालेली असती. नऊ दिवस मला हवं होतं ते माझ्या पायाखाली होतं. फक्त बूट काढायचा होता.

"नाही वाचलं," मी म्हणाले.

"शपथ?"

"बाबांची."

हे मी का म्हटलं माझं मलाच कळलं नाही. बाबांच्या श्वासाची शपथ कुणी घेऊ नये. वर्डीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग कुत्र्याकडे, आणि उठली.

आत घड्याळात चारला सहा मिनिटं होती. मी बाकाखाली पाय आखडून बसले. वकील खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. मॅरियन रुमालाची टोकं पिळत होती. ती माझ्याकडे एकदा बघून हसली, उगाच, दोन मुली वाट बघताना हसतात तसं. त्याने मला जास्तच मेल्यासारखं झालं. तिचं उत्तर बरोबर होतं असं नाही, पण तिच्या बापाचं होतं.

चारला दोन मिनिटं असताना कारकून धापा टाकत आला. रिकामा.

"कचेरीला कुलूप आहे. मालक मासे धरायला गेलेत, कुठल्या तळ्यावर ते बायकोलाही माहीत नाही."

"आणि घरचे अंक?"

"तुमच्या सौभाग्यवतींनी चर्चच्या रद्दीत दिले, साहेब. गेल्याच आठवड्यात."

आमच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. हेडमास्तर उभे राहिले. "या सभागृहात कुणाकडे यासंबंधी छापील कागद आहे? वर्तमानपत्राचा कपटा असला तरी चालेल."

ते एकेका बाकाकडे बघत गेले. टोप्या हलल्या, हातातले पंखे थांबले. माझ्यापाशी त्यांची नजर थांबली असं मला वाटलं. खरी थांबली की नाही, देव जाणे. मी दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि उजव्या पायावर सगळा भार दिला, जसा काही तो कागद उठून उभा राहणार होता. दाराशी ते पिवळं कुत्रं येऊन बसलं होतं, आत यायची हिंमत न होऊन, माझ्याकडे बघत.

ठोके पडले. एक. दोन. तीन. चार.

"पत्रिकेप्रमाणे," हेडमास्तर म्हणाले.

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये मुली ओरडून ओरडून काउंट्यांची नावं म्हणत होत्या. वर्डीने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. गॅस्किनने आम्हाला दारात उतरवलं आणि तिला म्हणाला, "बाई होणार म्हणजे आता. आम्हाला मारू नका म्हणजे झालं." बाबा ओसरीवर उभे होते. वर्डीने सांगितलं. त्यांनी एक लांब श्वास घेतला, पुरा, आत ओढून. त्यांना खोकला आला नाही. मी तो श्वास संपेपर्यंत मोजला.

जूनच्या सुरुवातीला पिल्लं उडाली आणि आईला तिचे चिमटे मिळाले, विष्ठेने माखलेले. आईने ते उकळत्या पाण्यात टाकले. आई एवढ्या मोठ्याने हसलेली मी त्याआधी पाहिलेली नव्हती. "राहिलात फुकट, आणि घर असं सोडून गेलात!"

झेल्माआत्या ऑगस्टच्या शेवटी डबा घेऊन आली. दुसऱ्याच दिवशी वर्डीची बस होती, सकाळी, दुकानासमोरून.

मी उठले तर माझे बूट पलंगाखाली पुसून ठेवलेले. काळं पॉलिश लावून, नाड्या बदलून. बातमीची घडी मी अजून बुटातून काढली नव्हती. उजवा बूट मी हातात घ्यायला गेले तेवढ्यात वर्डी आत आली, गुडघ्यांवर बसली आणि माझ्या पायात बूट चढवायला लागली, मी लहान असताना चढवायची तसे. डावा आधी. मग उजवा.

पायाला घडी लागली नाही. काहीतरी सपाट आणि टणक लागलं.

"घट्ट होतोय का?" तिने विचारलं.

"नाही."

"पुठ्ठा घातलाय. कागद टिकत नाही."

ती नाडी बांधत होती. वर बघत नव्हती. मी तिच्या भांगाकडे बघत राहिले. त्यात एक कापसाचा तंतू होता, तो काढावा असं वाटलं, पण हात उचलेना. तिने गाठ मारली, मग त्यावर दुसरी गाठ, आणि बूट दोन्ही हातांत धरून थोडा वेळ तशीच बसली. मला वाटलं आता बोलेल. आता विचारेल की का केलंस, आणि कशासाठी. आणि मी काय सांगणार होते, आधी तुला ठेवायला आणि मग तुला पाठवायला?

"चल," ती म्हणाली. "बस चुकेल."

ती गेली. मी सोळाची झाले तेव्हा गॅस्किनने माझी बोटं पाहिली. मी एकतीस वर्षं साच्यावर काढली आणि माझी सगळी बोटं शाबूत आहेत, यात नशीब किती आणि हुशारी किती ते मला माहीत नाही. कधी कधी राग यायचा, नाही असं नाही. तिच्या दर नाताळच्या पेटीत नवे बूट असायचे, आणि ते घालताना जास्तच यायचा. वर्डीने चौथीच्या वर्गाला एकोणचाळीस वर्षं शिकवलं. ती आता ब्याण्णवची आहे. आम्ही रविवारी फोनवर बोलतो, त्याबद्दल सोडून सगळ्याबद्दल.

पण तिचं पहिलं पत्र माझ्याकडे आहे. सप्टेंबर १९४८ चं. त्यात जेवणाबद्दल आहे, थंडीबद्दल आहे, झेल्माआत्या घोरते का असं विचारलेलं आहे. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, दोन ओळी:

"इथे पहिल्याच दिवशी बाईंनी राज्याचा पक्षी विचारला. मी बरोबर सांगितला."